मिसरी, तपकीर आणि सोजराबाईंचा मणका

भोरच्या तहसील कचेरीत मी चौतीस वर्षं कारकुनी केली. त्या चौतीस वर्षांत माझ्या हातून भरलेला अर्ज एकदाही परत आला नाही. उत्पन्नाचा दाखला असो, वारसनोंद असो, जातीच्या दाखल्याचं प्रकरण असो, लोक म्हणायचे, आनंदरावांनी भरलाय ना, मग काळजी नको. निरोपसमारंभात साहेबांनी हेच वाक्य भाषणात घेतलं, आणि माझ्या बायकोने, सुलूने, पुढच्या रांगेत बसून नेमकी त्याच वाक्याला जांभई दिली, हेही मला आठवतं.

परत आलेला एकमेव अर्ज निवृत्तीनंतरचा आहे. तो पुण्याच्या एका दवाखान्यातून परत आला. सोजराबाई कोकरे यांच्या मणक्याच्या ऑपरेशनचा. चूक माझी होती. ती मान्य करणं मला जड गेलं, पण केली.

सोजराबाई वेल्ह्याच्या डोंगरातल्या कोकरेवस्तीवर राहणाऱ्या. तालुक्याचं नाव आता बदललंय, पण आमच्या तोंडात अजून वेल्हंच आहे. वस्ती धनगरांची, सात घरांची. म्हशी चाळीसेक, थोडी शेरडं, आणि पायथ्याच्या गावातून वर जायला दीड तासाची पायवाट. त्यांचे यजमान गेनबा दर पंधरवड्याला आमच्याकडे लोणी घेऊन यायचे. ते गेल्यावर सोजराबाई येऊ लागल्या. लोणी सुलूच्या हातात द्यायचं, बशीतून चहा प्यायचा, आमच्या कुंड्यांतल्या झाडांकडे बघून “ही जगायची न्हाईत” असं सांगायचं आणि एसटी पकडायची, हा त्यांचा शिरस्ता. झाडं खरंच जगायची नाहीत. मला त्या भाऊसाहेब म्हणतात, कारण कचेरीतला माणूस म्हणजे भाऊसाहेब, मग तो निवृत्त होऊन घरात मेथी निवडत बसलेला का असेना.

वय त्रेसष्ट. दोन वर्षांपूर्वी त्यांचे पाय दगा द्यायला लागले. सपाटीवर पन्नास पावलं चाललं की कंबरेखाली मुंग्या यायच्या, मग पाय जड व्हायचे, मग जिथं असतील तिथं खाली बसायचं. मी त्यांना पुण्याला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की मणक्यातली नसांची वाट अरुंद झालीय. माणूस पुढे वाकला की ती वाट जरा मोकळी होते, ताठ झाला की नस दबते. म्हणून चढ चढताना, अंग पुढे झुकलेलं असतं तेव्हा, काहीच दुखत नाही. उतरताना मात्र अंग मागे रेलतं आणि जीव जातो.

“म्हंजी मला वरच ऱ्हायाला केलीया,” सोजराबाई म्हणाल्या.

डॉक्टर हसले नाहीत. उजव्या पायाचा अंगठा उचलेनासा झाला होता, तो त्यांनी दोनदा दाबून पाहिला. वर्षभरात ऑपरेशन झालं नाही तर पायातली ताकद परत यायची नाही, आणि मग वस्तीवर जाणं कायमचं बंद, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग राहायचं कुठं, तर मुलगा ज्ञानू टेम्पो चालवतो, शिवऱ्याला हायवेच्या कडेला एका खोलीत राहतो, तिथं. “गाड्या मोजत बसू व्हय?” एवढंच त्या म्हणाल्या. पण परतीच्या वाटेवर त्या सबंध वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या, आणि सुलूने बांधून दिलेली पोळीभाजी तशीच पिशवीत राहिली.

ऑपरेशनची पहिली तारीख मार्चमधली. ती गेली, कारण ऑपरेशनच्या खोलीतलं यंत्र बिघडलं. दुसरी जूनमधली. ती गेली, कारण ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांच्याच पाठीत उसण भरली. हे ऐकून सोजराबाईंना त्यांच्याबद्दल इतकी आपुलकी वाटली की त्यांनी मला दवाखान्यात फोन करून तिळाच्या तेलाने चोळायला सांगायला लावलं. फोनवरची मुलगी “हो, सांगते” म्हणाली, पण आवाजावरून ती सांगणार नव्हती.

तिसरी तारीख दिवाळीनंतरची. ती गेली माझ्यामुळे.

ऑपरेशनच्या आधी भूल देणारे डॉक्टर तपासतात. तिथं शेफाली नावाच्या एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांच्यापुढे मी भरलेला अर्ज होता, स्वच्छ अक्षरात, काना-मात्रेची चूक नाही. त्या वाचत गेल्या आणि “व्यसन” या रकान्यापाशी थांबल्या. तिथं मी लिहिलं होतं, “नाही”.

“आजी, तंबाखू खाता का?”

“छ्या. कदी हात लावला न्हाई.”

“दात कशानं घासता?”

“मिसरीनं.”

“दिवसातून किती वेळा?”

सोजराबाईंनी प्रामाणिकपणे बोटं मोजली. “सकाळच्याला. जेवल्यावर. धारा काढून झाल्यावर. कोन आलंगेलं तर त्येंच्यासंगं. आन् निजताना.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “दात फारच स्वच्छ ठेवता,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून विचारलं, “अर्ज कोणी भरलाय?”

चौतीस वर्षांत मला हा प्रश्न या सुरात कोणी विचारला नव्हता.

माझ्या बाजूनेही थोडं सांगायला हवं. आमच्या भागात मिसरी साबण आणि कंगव्यात धरतात. माझी आजी लावायची, आत्या लावायची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि बोटाने दातांना चोळायची. चोळता चोळता जगाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. हिला कोणी व्यसन म्हणत नाही. सोजराबाईंनीही तेच सांगितलं, “आवो, जाळलेली आसती ती. जाळल्यावर काय ऱ्हातंय त्यात?”

डॉक्टरांनी काय राहतं ते सांगितलं. मणक्यात स्क्रू बसवायचे, त्यांच्याभोवती हाड जुळून यायला हवं, आणि तंबाखूने रक्ताच्या नळ्या आकसतात, हाड जुळत नाही, जखम भरत नाही. सहा आठवडे मिसरी पूर्ण बंद. बेचाळीस दिवस. त्यानंतर लघवी तपासणार, तीत तंबाखू सापडली तर तारीख परत पुढे. आणि मोठे डॉक्टर जानेवारीपासून तीन महिने परदेशी जाणार होते. म्हणजे वर्षभराची मुदत त्यातच संपणार होती. तोवर तब्येत राखायची. रोज सपाटीवर चालायचं, वजन उचलायचं नाही, वाकून झाडलोट करायची नाही, साखर ताब्यात ठेवायची, आणि श्वासाचा व्यायाम करायचा.

परतताना ज्ञानूच्या टेम्पोत आम्ही तिघं पुढे बसलो होतो. घाटात माझं डोकं जड झालं म्हणून मी सवयीने खिशातली डबी काढली आणि चिमूटभर तपकीर नाकात सारली. सोजराबाई बघत होत्या.

“भाऊसाहेब, त्येच्यात काय आसतंय ओ?”

मी जरा वेळ बाहेर बघितलं. ज्ञानूही एकाएकी फारच मन लावून गाडी चालवायला लागला.

“तंबाखूच असते,” मी म्हणालो.

“म्हंजी तुमच्या बी फारमावर ‘न्हाई’च आसंल.”

होतं. माझ्या रक्तदाबाच्या फायलीवर, माझ्याच अक्षरात, “व्यसन : नाही”. शिवऱ्यात ज्ञानूने चहाला गाडी थांबवली तेव्हा सोजराबाईंनी अट घातली. त्या सोडणार, पण भाऊसाहेबांनीही सोडायची. मी हो म्हणालो. हो म्हणण्याशिवाय इलाज नव्हता, आणि अपराधी तर मी होतोच.

वस्तीवर सपाट जागा नाही आणि मोबाईलला रेंज नाही. शिवऱ्याच्या खोलीला लोखंडी जिना. म्हणून बेचाळीस दिवस त्यांनी आमच्याकडे राहायचं असं सुलूने ठरवलं आणि मला कळवलं. त्याच संध्याकाळी मी नीरेच्या पुलावर जाऊन माझी डबी नदीत फेकली. सुलू आणि सोजराबाई दोघी साक्षीला होत्या. हात चांगला लांब नेऊन फेकली.

“तुमचीही द्या,” मी म्हणालो.

“म्या टाकायची न्हाई,” सोजराबाई म्हणाल्या. “टाकली तर दुसरी भाजता येती. जवळ आसून लावायची न्हाई, त्येला सोडणं म्हनत्यात.” त्यांनी कनवटीची डबी काढून माझ्यापुढे धरली. “बांदा तुमीच.”

मग घरी येऊन मी फायलींना बांधतात ती लाल फीत घेतली, डबीला आडवी-उभी गुंडाळली आणि माझी गाठ मारली. ही गाठ कचेरीत प्रसिद्ध होती. कोणी माझी फाईल मागच्या मागे उघडून पाहिली तर मला गाठीवरून कळायचं, कारण दोन वेढे उलटे घेऊन ती पुन्हा तशी कोणालाच मारता यायची नाही. सोजराबाईंनी डबी कनवटीला लावली.

पहिला आठवडा वाईट गेला. मिसरीशिवाय त्यांचं पोट साफ होईना आणि तपकिरीशिवाय माझं डोकं चालेना. सुलू म्हणायची, घरात दोन म्हातारी माणसं तोंड पाडून बसलीत, कोणाच्या मयताला आल्यासारखी. तिने सोजराबाईंना दात घासायला ब्रश आणून दिला. त्यांनी तो पाटल्यांच्या नक्षीतली माती काढायला वापरला आणि फार उपयोगी वस्तू आहे असं सांगितलं. दात त्या कडुनिंबाच्या काडीने घासू लागल्या. डॉक्टरांनी अंडी खायला सांगितली होती. आमच्या घरात अंडं कधी शिजलेलं नाही, पण सुलूने मागच्या पडवीत वेगळी शेगडी मांडली आणि साठाव्या वर्षी अंडं उकडायला शिकली. पहिलं अंडं तिने पाऊण तास उकडलं. सोजराबाईंनी ते चावून चावून संपवलं.

चालण्याचं मोठं अवघड होतं. ताठ चाललं की पाय भरून यायचे. मग आमच्या मुलाची, विराजची, शाळेत असतानाची सायकल मला आठवली. तिच्या हँडलवर दोन्ही हात ठेवून, जरा पुढे रेलून ढकलत चाललं की सोजराबाई एका दमात कॉलेजच्या मैदानाला फेरी मारायच्या. नऊवारी नेसलेली बाई सायकलवर बसत नाही, नुसती ढकलत गोल गोल फिरते, हे भोरच्या लोकांना बघवेना. जो तो थांबायचा. “आजी, पंक्चर झाली का? दुकान तिकडं डेपोजवळ.” तिसऱ्या दिवशी एका भल्या माणसाने सायकल जवळजवळ हिसकावूनच घेतली आणि हवा भरून आणून दिली. तेव्हापासून सोजराबाई, कोणी विचारायच्या आधीच, लांबून हात हलवून सांगायच्या, “हवा हाय, हवा हाय.”

श्वासाच्या व्यायामाला प्लास्टिकचं एक यंत्र दिलं होतं. नळी तोंडात धरून हवा आत ओढायची, म्हणजे तीन गोळ्या एकामागून एक वर चढतात. दहा दिवसांत तिसरी गोळी चढली तरी पुष्कळ, असं सांगितलं होतं. सोजराबाईंनी पहिल्याच दमात तिन्ही गोळ्या वर नेल्या आणि तिथंच धरून ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. मी करून पाहिलं. पहिली गोळी थोडी हलली.

“तुमचं बी आपरेशन काढलंय का?” त्यांनी विचारलं.

आता कबूल करायची गोष्ट. बाराव्या दिवशी माझं तप मोडलं. नदीत टाकली ती रोजची डबी होती. स्कूटरच्या डिकीत एक जादा डबी असायची, ती मी विसरलो होतो असं म्हणणार होतो, पण विसरलो नव्हतो. मग रोज सकाळी “स्कूटर जरा चालू करून बघतो, बॅटरी उतरेल” म्हणून मी परसात जायला लागलो. स्कूटर चालू करायची, तेवढ्या आवाजात शिंकून घ्यायचं आणि परत यायचं. मला वाटत होतं, कोणाला कळत नाही. लाजही वाटत होती. मैदानावर त्या सायकल ढकलत फेऱ्या मारायच्या, कनवटीला ती डबी, आणि मी बाकावर बसून फेऱ्या मोजायचो आणि त्यांना म्हणायचो, शाबास, निश्चय हवा.

एकोणचाळिसाव्या दिवशी, शुक्रवारी, सोजराबाई सकाळीच “ज्ञानूकडं जाऊन येते” म्हणून गेल्या. रविवारी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं, सोमवारी ऑपरेशन. संध्याकाळी ज्ञानूचा फोन आला. त्या त्याच्याकडे गेल्याच नव्हत्या. वस्तीवरच्या मानसिंगने, जिथं जराशी रेंज मिळते त्या वरच्या खडकावर चढून, त्याला कळवलं होतं की आये वर पोचलीय आणि चांदी म्हैस व्यालीय, रेडी झालीय.

चांदी या महिन्यात विणार हे आम्हाला ठाऊक होतं. रोज दोनदा तिचं नाव निघायचं. पण बाई एसटीने पायथ्याला जाऊन, सगळा डोंगर एकटी चढून वर जाईल असं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सुलू माझ्यावर चिडली, मी ज्ञानूवर चिडलो, आणि ज्ञानू म्हशीवर.

शनिवारी सकाळी मी आणि ज्ञानू डोंगर चढायला लागलो. दीड तासाच्या वाटेला मला तीन तास लागले. दर वळणावर मी थांबायचो आणि झाडांची चौकशी केल्यासारखं करायचो. ती पहिली गोळी नुसती का हलली होती, ते आता समजलं.

सोजराबाई गोठ्याच्या दारात बसल्या होत्या, मांडीवर रेडीचं डोकं. शेजारच्या सखूबाई तोंडात बोट घालून मिसरी लावत होत्या. मला घाम, धाप, राग, सगळं एकदम आलं होतं. मी पहिलंच विचारलं, “लावलीत का?”

सोजराबाईंनी माझ्याकडे वर बघितलं. “तुमी इचारताय?” त्या म्हणाल्या, आणि रेडीच्या कानामागं खाजवायला लागल्या. मला वाटलं, लावली असणार. एकोणचाळीस दिवस पाण्यात गेले, असं मनात आलं आणि मी मटकन चौथऱ्यावर बसलो.

चिकाची वडी खायला दिल्यावर त्यांनी खरी गोष्ट काढली. “आवो भाऊसाहेब, समदा डोंगर चढून आले. एकदा बसले न्हाई, कुठं दुकलं न्हाई. बरी झाले म्या. तुमचं चालणं आन् ती अंडी लागू पडली. आता कशाला फाडून घ्यायची पाठ?”

ज्ञानू माझ्याकडे बघायला लागला. त्यालाही ते पटत चाललं होतं. डोंगरातल्या माणसाला चढता आलं की सगळं आलं, असाच त्यांचा हिशेब. मलाही क्षणभर वाटलं, असेलही. मग मी म्हणालो, “सोजराबाई, त्या खालच्या पाण्याच्या टाक्यापर्यंत उतरून दाखवा. तेवढं झालं तर मी एकटा खाली जातो आणि तारीख रद्द करतो.”

टाकं साठ पावलांवर होतं. त्या उठल्या, पदर खोचला आणि निघाल्या. दहा पावलं नीट गेल्या. पंधराव्याला उजवं पाऊल घासायला लागलं. विसाव्याला त्या थांबल्या, हात मागे टेकून हळूच वाटेतच खाली बसल्या, आणि टाक्याकडे बघत राहिल्या. आम्ही कोणी पुढे झालो नाही. मग त्या म्हणाल्या, “चला. जाऊ दवाखान्यात.”

मानसिंगने तोवर डोली तयार केली होती. एक जाड बांबू, त्याला घोंगडं बांधलेलं, आणि खांदा द्यायला चौघं. डोंगरात आजारी माणूस असंच उतरवतात. सोजराबाईंनी डोली पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“त्येच्यात म्या बसायची न्हाई. ह्यांस्नी त्येच्यातच घालून न्हेलं. म्हनले, दोन दिसांत येतो. आले न्हाईत.”

मला माहीत होतं. आठ वर्षांपूर्वी गेनबांच्या मृत्यूच्या नोंदीचा अर्ज मीच भरला होता. तोही परत आला नव्हता.

मी समजावलं, ज्ञानूने समजावलं, सखूबाईंनी तर शिव्याही दिल्या. उपयोग झाला नाही. चालवत नाही आणि बसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला दवाखान्यात हजर व्हायचं. शेवटी सोजराबाईच म्हणाल्या, “चढताना दुकत न्हाई न्हवं? मंग म्या चढते. तुमी मला खाली न्या.”

आणि त्यांनी डोंगराकडे तोंड केलं, चढताना वाकतात तसं वाकल्या आणि एक पाऊल मागे टाकलं. मग दुसरं. दुखलं नाही.

असा आम्ही तो डोंगर उतरलो. ज्ञानू खाली, आईच्या कंबरेला दोन्ही हात लावून, “आये, डावा मागं. आता उजवा. धोंडा हाय.” सोजराबाई मध्ये, तोंड वर, पाय खाली. आणि त्यांच्यासमोर मी. माझ्या कोटाच्या दोन्ही बाजू त्यांनी घट्ट धरलेल्या, म्हणजे मीच त्यांची सायकल. मागे मानसिंग रिकामी डोली खांद्यावर घेऊन, लागली तर असावी म्हणून. वस्ती मागे पडत चालली तशा सोजराबाई माझ्या खांद्यावरून वर बघायला लागल्या.

“भाऊसाहेब, जरा कडंला व्हा. घर दिसंना.”

मी कडेला झालो. त्या अरुंद वाटेवर कडेला होणं म्हणजे करवंदीत शिरणं, पण झालो. घर दिसेनासं होईपर्यंत असाच तिरका चाललो. खाली पोचलो तेव्हा चार तास झाले होते आणि माझ्या कोटाची एक बाही फाटली होती. सोजराबाई टेम्पोत बसल्यावर ज्ञानूला म्हणाल्या, “भाऊसाहेबास्नी पाणी दे आदी. त्येंची छाती बग कशी उडतीया.”

घरी आल्यावर मी कोटाचा आतला खिसा चाचपला. डबी नव्हती. सकाळी डिकीतून काढून मी ती बरोबर घेतली होती, एवढा डोंगर चढायचा म्हणून. बाहेरचे खिसे पाहिले, पिशवी पाहिली, टेम्पोच्या सीटखाली हात घातला. करवंदीत पडली असणार. आणि विचारायची कोणाला? सोडलेली वस्तू हरवली म्हणून कोणी विचारतं का? सुलू म्हणाली, “काय शोधताय एवढं?” मी म्हणालो, “चष्मा.” चष्मा माझ्या डोळ्यांवर होता.

रविवारी दवाखान्यात नवा अर्ज भरला. “व्यसन” या रकान्यात लिहिलं, “मिसरी. एक्केचाळीस दिवसांपासून बंद.” लिहिताना सखूबाईंचं ते तोंडातलं बोट माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. मी खरं लिहितोय की खोटं, मलाच ठाऊक नव्हतं. लघवीचा नमुना गेला. संध्याकाळी शेफाली डॉक्टर कागद घेऊन आल्या आणि सोजराबाईंच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “आजी, एकदम स्वच्छ. उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा.” मी तोंड फिरवून खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. मला फार आनंद झाला होता, आणि तेवढीच माझी मला शरम वाटत होती.

सकाळी त्यांना चाकाच्या खाटेवर घातलं. हिरवा झगा, डोक्याला टोपी. पाटल्या सुलूच्या हातात दिल्या, गळ्यातली बोरमाळ ज्ञानूच्या. दारापाशी त्यांनी मला बोट करून जवळ बोलावलं आणि मूठ उघडून माझ्या तळव्यावर दोन डब्या ठेवल्या.

एक मिसरीची. लाल फीत मळून काळपट झाली होती, पण गाठ माझी होती. दोन उलटे वेढे, जसेच्या तसे. दुसरी डबी माझी होती.

“कोट धरला तवा हाताला लागली,” त्या म्हणाल्या. “वास तर लई दिस येतोय. रोज सकाळी स्कूटर शिंकती व्हय?”

ज्ञानू जमिनीकडे बघत होता. सुलू मात्र सरळ माझ्याकडे बघत होती.

“म्या आत चालले. आता हितं तुमी आन् तुमची डबी,” सोजराबाई म्हणाल्या, आणि खाट आत गेली.

ऑपरेशन साडेचार तास चाललं. पहिल्या तासात मी दोनदा बाहेरच्या आवारात गेलो. दुसऱ्या वेळी झाकणावर अंगठाही ठेवला. दुसऱ्या हातात त्यांची मळक्या फितीची डबी होती. मी तसाच आत आलो. त्यांच्या कागदांच्या फायलीची फीत सोडली, माझ्या डबीभोवती आडवी-उभी गुंडाळली आणि गाठ मारली. सुलूने ते पाहिलं. तिने शेजारच्या खुर्चीवरची पाटल्यांची पुरचुंडी उचलून मला बसायला नीट जागा करून दिली.

दुपारी आम्हाला आत सोडलं. सोजराबाई डोळे मिटून पडल्या होत्या, ओठ कोरडे. ज्ञानूने “आये” म्हटलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं, सुलूकडे पाहिलं, आणि मग मला शोधलं.

“उगाडली का?”

“नाही,” मी म्हणालो.

“दावा.”

मी डबी पुढे केली. त्यांनी गाठीवरून बोट फिरवलं, एक वेढा, दुसरा वेढा. मग हात खाली ठेवला.

“आता पायाकडं बगा,” त्या म्हणाल्या.

आम्ही तिघं पायाकडे बघायला लागलो. चादरीखाली उजव्या पायाचा अंगठा वर झाला, खाली गेला आणि पुन्हा वर झाला.